डिसेंबरचे रविवार मुलांसाठी मोकळे ठेवा

वसईचा नाताळ २५ डिसेंबरला असतो असं ज्याला वाटतं, त्याने डिसेंबरातली वसई बघितलेलीच नाही. आमच्या लेखी तो आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारीच सुरू होतो. चर्चमध्ये हिरव्या पाल्याच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या राहतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी त्यातली एक जास्त पेटते. घरात लहान मुलं असलेल्या सगळ्या जोडप्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे रविवार मोकळे ठेवा. मॉलमधल्या झाडाखाली रांग लावून फोटो काढायची काही गरज नाही. रिसॉर्टचं पॅकेजही नको. सकाळी आपल्याच गावात मुलांना घेऊन फिरा आणि दुपारी सगळे मिळून कामाला बसा.

आम्ही दोघंही नोकरीला मुंबईत. सकाळची लोकल पकडायची म्हणजे मुलं उठायच्या आत घर सोडायचं, आणि परत येईपर्यंत त्यांची जेवणं उरकलेली असतात. वसई-विरारच्या किती तरी तरुण घरांची हीच गत आहे. म्हणून तर थंडीतला रविवार मला इतका मोलाचा वाटतो.

आमच्या हिवाळ्याची सुरुवात निर्मळच्या जत्रेने होते. कार्तिक वद्य एकादशीला ती भरते आणि तिथे हिंदू-ख्रिस्ती सगळेच जातात. माझे आजोबाही जायचे. सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घेतल्याशिवाय तिथून कुणी परत येत नाही. मग डिसेंबरात भुईगावचा किनारा. उन्हं चढायच्या आत पोहोचलात तर ओल्या वाळूवर परदेशातून आलेले सीगल थव्याने बसलेले दिसतात. धाकटा आधी त्यांच्या मागे धावायचा. हळूहळू त्याला कळलं की गुडघे टेकून गप्प बसलं की ते जवळ येतात. आता तोच इतरांना 'शू' करतो.

आणि किल्ला. वसईच्या किल्ल्यात मुलांना न्यायचं तर गोष्ट सांगणारं कुणीतरी हवं, नाहीतर त्यांना नुसत्या पडक्या भिंती दिसतात. संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर त्यांना हौतात्म्य आलं आणि १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. हे ऐकल्यावर थोरलीने विचारलं, "म्हणजे ते पण लहानपणी आपल्याच समुद्रावर खेळायचे?" त्याच दिवशी तिला चिमाजी अप्पांची १७३९ची लढाईही सांगितली. दोन्ही गोष्टी तिच्या आहेत, आणि दोन्ही तिला आई-बापाकडूनच कळायला हव्यात.

येताना आम्ही मुद्दाम वाड्यांमधल्या वाटेने येतो. केळी, पानवेली, विहिरीवरचा गारवा. वाड्या झपाट्याने इमारतींखाली चालल्या आहेत. हरित वसईसाठी मागच्या पिढीने रस्त्यावर उतरून लढा दिला. ज्या मुलाने वाडी पायांनी तुडवलेलीच नाही, तो उद्या तिच्यासाठी का उभा राहील?

दुपारचं काम म्हणजे कुलकुल. मैदा, थोडा रवा, अंडं आणि नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि तशीच गुंडाळत आणायची. वरून रेघा उमटलेला छोटा शिंपला तयार. मुलांच्या अंगठ्याला हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. तळण सासूबाईंकडे, पाकाचा अंदाज माझ्या आईकडे, आणि दोघींमध्ये दरवर्षी 'पाक अजून एक तार पुढे जाऊ दे' यावरून चर्चा. ती चर्चा ऐकत मुलं मोठी होतायत हे मला फार आवडतं.

गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, काम मात्र आधीच हाती घ्यावं लागतं. पसरट डब्याच्या झाकणात माती घालून नाचणी पेरायची, म्हणजे नाताळपर्यंत गव्हाणीभोवती खरं हिरवं गवत उभं राहतं. पाणी घालायची जबाबदारी धाकट्याची. बांबूच्या कांब्या आणि पतंगी कागदाची चांदणी सासरे करतात, खळ थोरली लावते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिला गोठा उभारला, तोही खऱ्याखुऱ्या बैल-गाढवासह. प्लॅस्टिकचा तयार सेट टेबलावर ठेवून त्यातलं काय हाती लागणार?

वेळ कुठे आहे, असं मैत्रिणी म्हणतात. नसतो, मान्य. सगळं घरी करा असं मी म्हणतही नाही. दोदोल आणि मार्झिपान आम्हीही गल्लीतल्या एका काकूंकडून घेतो. घरी फराळ करून विकणाऱ्या अशा बायकांच्या हाताला काम मिळालंच पाहिजे. पण एक तरी जिन्नस मुलांच्या हातचा असू द्या. तोच ताटात घालून ती शेजारी देशपांड्यांकडे आणि खानांकडे धावत नेतील, 'हे मी केलंय' म्हणून सांगतील.

येत्या रविवारी गुलाबी मेणबत्तीची पाळी आहे. मिस्सा झाली की भुईगाव, आणि तीननंतर आमच्या पडवीत कुलकुल. बिल्डिंगमधल्या ज्या मुलांना यायचंय त्यांनी खुशाल यावं. येताना एक नवा कंगवा आणा, पीठ आम्ही मळून ठेवतो.