“एरर कोड विसरा, पहिले उत्तर उघडा” या सल्ल्याचा प्रतिवाद

संगणकात बिघाड झाल्यावर कंपनीच्या सपोर्ट साइटवर उत्तर कसे शोधावे, याविषयीचा एक सल्ला कार्यालयीन ग्रुपांवर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अडचण सुचेल तशी पूर्ण वाक्यात लिहावी, एरर कोड (चुकीच्या सूचनेसोबत येणारा क्रमांक), अवतरणचिन्हे (नेमके तेच शब्द शोधण्यासाठी) वगैरे सोपस्कार आता कालबाह्य झाले आहेत, पहिले आलेले उत्तर बहुधा बरोबरच असते, गूगलवर नाही ते कुठेच नाही, आणि तरीही काम झाले नाही, तर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करावा.

पूर्ण वाक्याची सूचना काही ठिकाणी योग्य आहे. वर्डमध्ये पहिल्या पानावरचा पृष्ठक्रमांक कसा काढावा, अशा ‘कसे करावे’ प्रकारच्या प्रश्नांना साध्या वाक्यातही चांगले उत्तर मिळते, कारण त्या सोयीचे नाव आपल्याला ठाऊक नसते आणि शोधयंत्र ते ओळखून घेते. बिघाडाचे तसे नाही. बिघाडावरचा लेख लिहिणारा तंत्रज्ञ त्यात यंत्राने पडद्यावर दाखवलेले शब्द आणि आकडे नोंदवतो. त्यामुळे आपण आपल्या शब्दांत केलेले वर्णन आणि त्याचा लेख यांची गाठ पडेलच असे नाही.

म्हणूनच एरर कोड टाळण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. “विंडोज अपडेट होत नाही” या वाक्यामागे अनेक कारणे असू शकतात. कोड मात्र पुष्कळदा नेमके कारणच सांगतो. ०एक्स८००७००७० हा कोड घ्या. सुरुवातीचे ८००७ एवढेच सांगते की ही विंडोजच्या मूळ यादीतील चूक आहे. उरलेले ००७० हे षोडशमान (१६ च्या पायावरील) पद्धतीत आहे, म्हणजे दशमानात ११२, आणि त्या यादीत ११२ चा अर्थ डिस्कवर जागा उरलेली नाही. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली आहे. विंडोजचा पडदा मराठीत असला आणि संदेश मराठीतून आला, तरी हा कोड बदलत नाही, आणि इंग्रजीतले सारे लेख त्याच कोडाने सापडतात. मराठी संदेशाचे वाक्य शोधून सहसा काहीच हाती लागत नाही. अर्थात प्रत्येक कोड इतका बोलका नसतो. ०एक्स८०००४००५ म्हणजे केवळ ‘अनिर्दिष्ट चूक’. तेथे कोडासोबत प्रोग्रामचे नाव, आवृत्ती आणि चूक आली तेव्हा नेमके काय चालले होते, हे जोडावेच लागते. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधील घडामोडींची नोंदवही, यातील क्रमांकांनाही हेच लागू आहे: नुसता ४१ शोधण्यात अर्थ नाही, कारण वेगवेगळे घटक तोच क्रमांक वापरू शकतात, ‘कर्नल-पॉवर’ हे स्रोताचे नाव जोडले की संगणक नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाला, हा अर्थ समोर येतो.

अवतरणचिन्हे निरुपयोगी आहेत हा समज का पसरला असावा, याचा अंदाज करता येतो. लोक संपूर्ण संदेश, त्यातील स्वतःच्या फाइलचे नाव आणि फोल्डरचा मार्ग यांसकट, अवतरणांत टाकतात, आणि तो मजकूर जगात दुसरीकडे कुठेच नसल्याने निकाल शून्य येतो. आपल्या संगणकापुरते असलेले सारे वगळून संदेशातील न बदलणारे पाच-सहा शब्दच अवतरणांत घालावेत.

पहिल्या उत्तरावरील विश्वासाचे काय होते, हे सप्टेंबर २०२१ मध्ये दिसले. १४ सप्टेंबरच्या विंडोज अपडेटनंतर (विंडोज १० साठी केबी५००५५६५; ‘केबी’ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मदत-लेखाचा क्रमांक) अनेक ठिकाणी नेटवर्कवरचे सामायिक प्रिंटर ०एक्स०००००११बी हा कोड देऊन बंद पडले. ठिकठिकाणी सांगितला गेलेला उपाय होता तो अपडेट काढून टाकण्याचा किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या संग्रहात) ‘आरपीसीऑथएनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड’ ही नोंद शून्य करण्याचा. त्याने छपाई सुरू होत असे, हे खरे. पण तीच नोंद मायक्रोसॉफ्टच्या साइटवर शोधली असती तर केबी४५९९४६४ हा लेख मिळाला असता: सीव्हीई-२०२१-१६७८ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेतील त्रुटी बुजवण्यासाठी ही नोंद जानेवारी २०२१ मध्येच आणली होती, सप्टेंबरमध्ये ती सक्तीची झाली, आणि शून्य करणे म्हणजे ते संरक्षण बंद करणे. सर्व्हर आणि त्याला जोडलेले संगणक असे दोन्हीकडे अपडेट करणे, हा सरळ मार्ग होता. तेव्हा कोणीही सुचवलेली आज्ञा चालवण्यापूर्वी त्या आज्ञेचे किंवा नोंदीचे नावच उत्पादकाच्या साइटपुरते शोधावे. गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून त्याला जोडून अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध तेवढ्यापुरता मर्यादित होतो. लेख कोणत्या आवृत्तीला लागू आहे ही ओळही वाचावी.

गूगलवर नाही ते कुठेच नाही, हे विधान तर साफ चुकीचे आहे. ओरॅकल आणि एसएपी या व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपन्यांचे अनुक्रमे ‘माय ओरॅकल सपोर्ट’ आणि ‘नोट्स’ यांतील बहुतेक मजकूर ग्राहकाच्या लॉगिनमागे आहे. ओरॅकलच्या ओआरए-०१५५५ सारख्या चुकीवर बाहेर पुष्कळ लिहिलेले सापडेल, पण विशिष्ट आवृत्तीतील दोष आणि त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा छोटा अपडेट) यांची नोंद आतच शोधावी लागते.

राहिला फोन. शोधात वर आलेला कस्टमर केअरचा नंबर फसवणूक करणाऱ्यांनीच पेरलेला असू शकतो. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्ट केले आहे की त्यांच्या चूक कळवणाऱ्या संदेशांत फोन नंबर कधीच नसतो. नंबर कंपनीच्या अधिकृत साइटवरून किंवा खरेदीच्या बिलावरूनच घ्यावा, पलीकडच्या माणसाने ओटीपी किंवा दूरून संगणक हाताळू देणारे ॲप मागितले तर फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. खऱ्या सपोर्टशी बोलताना कोड, आवृत्ती आणि आधी करून पाहिलेल्या लेखांचे केबी क्रमांक हाताशी ठेवले, तर तेच उपाय पुन्हा करून पाहण्यात दोघांचाही वेळ जात नाही.