तुमचं खरं नाव कोणतं?

गेल्या वसंतात माझ्या ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मी अमेरिकेतल्या डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत काम झालं. तरी लिहायला बसले आहे, कारण मधल्या काळात आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही त्याच रांगेत उभं राहावं लागलं. तेव्हा जे लक्षात आलं ते डोक्यातून जात नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना 'रिअल आयडी' माहीत आहे. केंद्र सरकारच्या निकषांनुसार दिलेलं लायसन्स किंवा ओळखपत्र, वरच्या कोपऱ्यात तारा असतो ते. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासाला साधं लायसन्स पुरत नाही. तारा हवा, नाहीतर पासपोर्ट किंवा ग्रीन कार्डासारखा (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना) दुसरा मान्य कागद हवा. कायदा मात्र २००५ चा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने २००४ च्या अहवालात लिहिलं, की एकोणीसपैकी अठरा अपहरणकर्त्यांकडे अमेरिकेतलं कुठलं ना कुठलं ओळखपत्र होतं आणि काहींनी ते लबाडीने मिळवलं होतं. व्हर्जिनियात तर दुसऱ्याने पत्त्याची खोटी ग्वाही दिली आणि कार्डं मिळाली. म्हणून ओळखीच्या कागदांना देशभर एकच किमान निकष असावा, ही शिफारस झाली. ती मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

कायदा झाला तो मात्र घाईत. मे २००५ मध्ये युद्धखर्च आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकाला तो जोडला गेला. त्या विधेयकाला विरोध कोण करणार? सिनेटमध्ये १०० विरुद्ध ०. लायसन्सच्या कलमांवर तिथे स्वतंत्र सुनावणी झालीच नाही. पुढे मेन आणि मोंटानासारखी राज्यं अडून बसली, खर्चावरून आणि खासगीपणावरून वाद झाले. २००८ ची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२५ उजाडलं. एवढ्या वर्षांत मुदतीबद्दल खूप बोललं गेलं. समोर येणारा माणूस कोण असेल, त्याच्या घरात कागद कुणाच्या नावावर असतात, याचा विचार मला कुठे दिसला नाही.

आता माझी गोष्ट. २००० साली मी इथे नोकरीवर आले तेव्हा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता. माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. सोशल सिक्युरिटी नंबर (पगार-कराच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) त्याच नावाने, लायसन्स त्याच नावाने, पगारही त्याच नावाने. पुढे लग्न झालं, पासपोर्टचं नूतनीकरण आलं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तीनपैकी दोन शब्द बदलले. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. ग्रीन कार्ड या नव्या नावाने आलं. नवऱ्याने नंतर नागरिकत्व घेतलं, मी अजून घेतलेलं नाही. म्हणजे माझ्याकडे दोन नावांचे दोन गठ्ठे, दोन्ही सरकारी, दोन्ही खरे.

नियम असा आहे, की ओळखीच्या कागदावरचं नाव आणि तुमचं चालू नाव वेगळं असेल, तर ते कसं बदललं हे दाखवणारा कागद हवा. लग्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूम किंवा कोर्टाचा आदेश. सोशल सिक्युरिटी नंबरही तो देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहतात. नियम म्हणून यात चूक काही नाही.

मी दाखला नेला. तो मराठीत, नगरपालिकेचा, शिक्क्यासकट. पहिल्या फेरीत सांगितलं, प्रमाणित भाषांतर आणा. आणलं. दुसऱ्या फेरीत खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, "यावर तुमचं नवं नाव कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. आपल्या दाखल्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव असतं आणि वराचं नाव असतं. नवं नाव त्यावर लिहिलेलं नसतं, ते घरात येतं. कुणाकडे तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहितात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने हाक सुरू होते. त्याची पावती मिळत नाही. मग बाईंनी विचारलं, "आणि हे मधलं नाव पुरुषाचं वाटतंय, ते तुमचं कसं?" मी समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांच्या यादीत मधल्या नावासाठी रकाना होता, रीतीसाठी नव्हता. त्यातच भाषांतरकाराने वडिलांच्या नावातला 'व' डब्ल्यूने लिहिला होता आणि पासपोर्टवर तो व्हीने होता. मराठीत तो एकच 'व' आहे, पण माझ्या कागदांत त्या दिवशी दोन वडील झाले.

शेवटी आधी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीतलं नाव बदलून घेतलं, भाषांतर सुधारून आणलं, आणि लायसन्स निघालं. त्या चार फेऱ्यांसाठी मी कामावरून चार अर्धे दिवस सुट्टी घेतली. माझी रजा भरपगारी असते. जी बाई तासावर काम करते, तिचे तेवढे पैसे कापले जातात.

नवऱ्याचं लायसन्स एका फेरीत झालं. वीस मिनिटांत. त्याचं नाव जन्मल्यापासून तेच आहे. या कायद्यात बाई-पुरुष असा भेद कुठेही लिहिलेला नाही हे मी मान्य करते. पण नाव आयुष्यात कधीच बदलत नाही असं धरून निकष लिहिला, की त्याचा भार आपोआप बायकांवर पडतो. आणि हे आपल्याच बायकांचं नाही. माझ्यापुढे उभी असलेली साठीतली अमेरिकन बाई दोन लग्नांचे दाखले आणि एका घटस्फोटाचा हुकूम फायलीत घेऊन आली होती.

आईंची अडचण वेगळी होती. त्या ७१ वर्षांच्या. गाडी चालवत नाहीत, त्यांना नुसतं राज्याचं ओळखपत्र हवं होतं. त्यालाही हेच निकष. नणंदेकडे टेक्सासला जाताना दरवेळी ग्रीन कार्ड बाहेर काढायचं, ते हरवलं तर काय, या काळजीने त्यांना रात्रभर झोप लागत नाही. त्यांच्या नावाचे सगळे कागद जुळत होते. जन्मतारीखही जुळत होती. १ जून. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे हे तुम्हाला माहीत आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. खरी तारीख आईंना माहीत नाही, तेव्हा फार पाऊस होता एवढंच त्यांच्या आईने सांगितलेलं. ती १ जून या तपासणीतून सहज पार झाली, कारण ती सगळ्या कागदांवर सारखी आहे. माझी दोन्ही नावं खरी असून अडली, कारण ती सारखी नाहीत. म्हणजे ही तपासणी कागद कागदाशी जुळतो का ते पाहते. समोरचा माणूस तोच आहे का, हा प्रश्न मागेच राहतो.

आई अडल्या त्या पत्त्यावर. राहत्या पत्त्याचे दोन कागद हवेत. घर आमच्या दोघांच्या नावावर, वीजबिल माझ्या नवऱ्याच्या नावावर, फोन माझ्या प्लॅनमध्ये. बँकेत खातं नाही, कारण त्यांना लागलंच नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं, तिच्या नावावर त्या घराचा एकही कागद नाही. खिडकीवर हे ऐकल्यावर त्या मला मराठीत हळूच म्हणाल्या, "अगं, मी तुमच्याकडेच राहते ना, मग त्यांना सांग की." मला तिथे उत्तर सुचलं नाही.

पत्त्यासाठी कोणते कागद घ्यायचे हे प्रत्येक राज्य ठरवतं. काही राज्यांत घरच्या माणसाने लिहून दिलेलं, त्याच्या स्वतःच्या पुराव्यासकट, चालतं. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे केंद्राच्या नियमांतच एक खिडकी ठेवलेली आहे. स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणाने एखाद्याला ओळखीचे किंवा जन्मतारखेचे ठरलेले कागद देता येत नसतील, तर राज्याला पर्यायी कागद स्वीकारण्याची अपवादाची पद्धत ठेवता येते. त्याची नोंद ठेवायची, कारण लिहायचं. हे मला घरी येऊन नियम वाचताना कळलं. चार फेऱ्यांत एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही, भिंतीवरच्या फलकावरही नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. निकष सैल करा असं मी म्हणत नाही. खोट्या ग्वाहीवर कार्ड मिळू नये हे मलाही हवं आहे, मी याच विमानांत बसते. पण ही अपवादाची वाट प्रत्येक राज्याने ठेवावी आणि यादीच्या पहिल्या पानावर छापावी. आणि ग्रीन कार्ड देताना ज्या सरकारने माझे बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतला, जुनं-नवं नाव दोन्ही लिहून घेतलं, त्याच्याच नोंदीतून मी इथे कायदेशीर राहते का हे डीएमव्ही संगणकावर ताडते. तिथे 'पूर्वीचं नाव' माहीत आहे, तर तेही ताडावं. सरकारला जे ठाऊक आहे, ते मी पुन्हा भाषांतर करून का आणायचं?

ज्यांचे आईवडील इकडे यायचे आहेत त्यांच्यासाठी: आल्याबरोबर त्यांच्या नावाने बँकेत खातं उघडा, स्टेटमेंट कागदावर घरी येऊ द्या, आणि एखादं बिल त्यांच्या नावावर करा. भारतातून निघणाऱ्या मुलींनी नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं. त्यावर जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी असतं, आणि माझ्या दाखल्यात नेमकं तेच नव्हतं. रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, एका अक्षराचाही फरक नको. एच-४ वर, म्हणजे इथे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसेल, तर सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडून तसं पत्र आधी घ्या.

आईंचं कार्ड अजून यायचं आहे. खातं उघडलंय, दुसऱ्या स्टेटमेंटची वाट पाहतोय. राज्याच्या विधिमंडळातल्या आमच्या प्रतिनिधीला मी पत्र लिहायला घेतलं आहे. ज्यांच्या घरी असं घडलं असेल त्यांनी कोणत्या राज्यात, कोणता कागद, काय कारण सांगून नाकारला एवढं मला मेसेजमध्ये कळवा. नाव-पत्ता नको. पुढच्या आठवड्यात पत्र पाठवणार आहे.