परराज्यात बिऱ्हाड हलवणाऱ्या कर्त्या पुरुषास काही सूचना

नोकरीचे पत्र बंगळूरहून आले आणि गल्लीत पेढे वाटून झाले की कर्त्या पुरुषाचे काम खरे पाहता संपलेले असते. उरते ते फक्त बिऱ्हाड हलवणे, आणि ते घरातली इतर माणसे करतातच. तरीही हे काम विनासायास पार पडले तर आपण काही मोठे केले असे कोणालाच वाटणार नाही. म्हणून त्यात पुरेसे विघ्न यावे यासाठी काय काय करता येते, हे खान्देशातल्या तरुण कुटुंबप्रमुखांच्या सोयीसाठी येथे सांगत आहे.

पहिली दक्षता राज्य निवडताना घ्यावी. सुरत टाळावी. भुसावळहून नंदुरबारमार्गे जाणाऱ्या गाडीत बसले की सुरत काही तासांवर येते, उधना आणि लिंबायतमध्ये अर्धे आपलेच लोक भेटतात, शेवभाजी मिळते, भाडेकरू म्हणून गेलेल्या माणसाला घरमालकाशी अहिराणीत भांडता येते. तापीचे पाणीसुद्धा शेवटी सुरतेलाच जाते. जे पाण्याला जमते त्यात पुरुषार्थ तो कसला? बंगळूरचे तसे नाही. भुसावळला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर मनमाड, दौंड, सोलापूर ओलांडून एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस गेला, म्हणजे आपण दूर आलो असे मुलांच्या रडण्यावरून स्पष्ट कळते.

निघण्याचा मुहूर्त मुलांचा निकाल हातात पडल्यानंतरचा धरावा. आपल्याकडे निकाल मेच्या सुरुवातीला लागतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा मधले सहा आठवडे प्रवेशासाठी भरपूर आहेत, असे सर्वांना ठामपणे सांगावे. बंगळूरच्या बहुतेक खासगी शाळांचे प्रवेश आदल्या हिवाळ्यातच आटोपतात आणि वर्ग जूनच्या आसपास सुरूही होतात, ही माहिती तिथे पोहोचल्यावर मिळाली तर तिचा परिणाम अधिक होतो. धाकट्याचा जन्म ऑक्टोबरचा असेल तर आपले भाग्य थोर म्हणायचे. पहिलीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्र सहा वर्षांचा हिशोब ३१ डिसेंबरपर्यंत करतो, कर्नाटक १ जूनपर्यंत करते. मध्यंतरी तिथे एका वर्षापुरती सवलतही मिळाली होती, पण ती संपल्यानंतर जावे. जळगावात मोठ्या शिशुगटातून पहिलीत गेलेले, नवे दप्तर घेतलेले आणि ते गल्लीभर दाखवून आलेले मूल बंगळूरला पुन्हा मोठ्या शिशुगटात बसते. त्याला हे कसे समजवायचे, हा त्याच्या आईचा प्रश्न आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी चर्चा अवश्य करावी, मात्र निर्णय झाल्यानंतर. नाना ओसरीवर बसल्या बसल्या विचारतील, ‘‘मंग पोऱ्याना डॉक्टरकीनं काय व्हई?’’ पोऱ्या अजून बुटाची नाडी बांधायला शिकलेला नसतो, म्हणून आपण हसावे. नाना मात्र हिशोबाला पक्के असतात. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी साधारणतः इथूनच झालेली लागते आणि कर्नाटकाच्या कोट्यासाठी तिथे सात वर्षे शिकून दहावी किंवा बारावीही तिथूनच झालेली लागते, हे त्यांना वर्तमानपत्रावरून पाठ असते. दहावीच्या वर्षी तिसऱ्याच राज्यात बदली झाली तर पोऱ्या दोन्हीकडून सुटतो. यावर ‘‘नाना, अजून लई वेळ आहे’’ एवढे म्हणून उठावे.

आता सामान. ट्रकवाल्याचा दर फोनवर ठरवावा, तोही घरात काय काय आहे हे न पाहता. ‘‘दोन खोल्यांचं सामान आहे’’ हे वाक्य पुरेसे असते. सामान चढल्यानंतर किंवा, अधिक चांगले, बंगळूरला ट्रक दारात उभा राहिल्यानंतर तो जो नवा कागद पुढे करतो त्यात प्रवेश कर, जकात आणि ई-वे बिलाचा खर्च अशी भारदस्त कलमे असतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर प्रवेश कर गेला, जकातही गेली, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, हे सांगण्याचा मोह आवरावा. मुले झोपेला आलेली असतात, ट्रकची ताडपत्री अजून सुटलेली नसते आणि गादी त्या ताडपत्रीखाली असते. अशा वेळी करविषयक ज्ञानाचा उपयोग फार थोडा होतो.

काय न्यायचे आणि काय ठेवायचे, याचा निर्णय मात्र कर्त्या पुरुषाने स्वतः करावा, कारण घरातली कोणती वस्तू कशासाठी लागते हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो तटस्थपणे निर्णय करू शकतो. पत्र्याचा मोठा कूलर न्यावाच. जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या कूलरने दोन्ही मुलांचे उन्हाळे निभावून नेले आहेत, त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या नुकत्याच बदललेल्या आहेत; असा घरचा माणूस मागे कसा सोडायचा? समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या शहरात जूनमध्ये संध्याकाळी मुलांना स्वेटर घालावे लागतात, हा तपशील गौण आहे. कूलर ट्रकमध्ये एका कपाटाएवढी जागा घेतो, दाराच्या चौकटीला खरचटत आत येतो आणि शेवटी बाल्कनीत बसून राहतो. पावसाचे पाणी त्याच्या टाकीत साचले की डास होतात आणि घरमालकाशी पहिली ओळख त्या निमित्ताने होते.

दादरचे, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीचे, एक पोतेही टाकावे. खान्देशाबाहेर ज्वारी पिकत नाही अशी आपली समजूत असते, ती सोलापूर आणि कलबुर्गीच्या शिवारातून गाडी जाताना खिडकीबाहेर न पाहिल्यास अबाधित राहते. उत्तर कर्नाटकातल्या माणसाचे रोजचे जेवण ज्वारीची भाकरी हेच आहे आणि बंगळूरच्या दुकानांत ते पीठ सहज मिळते. पण आपले पोते फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालाने मागितलेले पैसे देण्यात जो स्वाभिमान आहे, तो विकतच्या पिठात नाही.

याउलट मांड्यांचे खापर ही नाजूक गोष्ट आहे, म्हणून ती आपणच बांधावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे करताना ते चुलीवर पालथे घालतात, वर्षानुवर्षांच्या वापराने ते काळेभोर होते आणि चांगले खापर तुटले तर तसेच दुसरे मिळेपर्यंत सासूबाई तोंडावर बोट ठेवून बसतात, एवढे आपल्याला माहीत असते. पंजाबी चादरीत गुंडाळून ते गादीच्या वळकटीत मध्यभागी सरकवावे आणि वळकटीवर ट्रकवाल्याला शिलाई मशीन ठेवू द्यावे. बंगळूरला वळकटी सोडताना आधी काळी माती सांडते, मग तुकडे येतात. तिथल्या फ्लॅटमध्ये चूल पेटवायची तरी कुठे होती, असे त्या वेळी म्हटल्यास समजूत पटत नाही, पण बोलल्याचे समाधान मिळते.

कागदपत्रांसाठी वेगळी पिशवी करण्याचा आग्रह कोणी धरल्यास त्याला भित्रा समजावे. शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाची कार्डे, आधार, गॅसचे निळे पुस्तक हे सर्व एका खोक्यात घालून त्यावर ‘महत्त्वाचे’ असे लिहावे. महत्त्वाचे खोके ट्रकमध्ये सर्वात आधी चढते, त्यामुळे ते सर्वात शेवटी उतरते.

प्रवासात मुलांसाठी वेगळी बर्थ घेऊ नये. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, बर्थशिवाय अर्धे. आणि रात्रभर एका बर्थवर आई, मोठी मुलगी आणि तापाने फणफणलेला धाकटा असे तिघे सहज मावतात. आपल्याला हा त्रास होणार नाही, कारण रुजू होण्याची घाई असल्यामुळे आपण आठवडाभर आधीच पुण्याहून विमानाने गेलेले असता.

घर त्या आठवड्यातच पाहून ठेवावे आणि ते आपल्या ऑफिसपासून जवळ असावे. अनामत रक्कम ऐकून दचकू नये. जळगावात दोन-तीन महिन्यांचे भाडे ठेवून घर मिळते, बंगळूरमध्ये दहा महिन्यांची अनामत मागण्याची रीत जुनी आहे, अलीकडे कोठे कोठे ती पाच-सहावर आली आहे; घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे त्यातून कापून घेतात, तेव्हा भिंतीवर मुलांनी चित्रे काढली तरी रागवू नये, पैसे दिलेले आहेत. नळाला कावेरीचे पाणी आहे की बोअरवेलचे की टँकरचे, हे विचारणे क्षुद्रपणाचे दिसते. भात टाकल्यावर आणि केस धुतल्यावर ते आपोआप कळते.

घर मिळाले की पत्त्याचा पुरावा. आधारवरचा पत्ता बदलायला भाडेकरार लागतो, भाडेकराराला आधार लागते, त्यावर पत्ता जळगावचा, म्हणून घरमालक पोलीस पडताळणी मागतो आणि गॅसवाला दोन्हींची वाट पाहतो. जळगावात सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून पावती घेतली असती तर इथे जोडणी लवकर मिळाली असती. परंतु आपण ते सिलिंडर प्रेमापोटी शेजारच्या काकूंना देऊन आलेले असता. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो, तो पुढच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री आठवेल.

शाळेचे एकदाचे जमले की दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती जिल्हा परिषदेत मिळते, आणि जिल्हा परिषद जळगावात आहे. चौथीतल्या मुलीला कन्नडही शिकावे लागते, कारण २०१५ च्या कायद्याने तिथल्या शाळांत ती भाषा अनिवार्य आहे. वर्गातल्या इतरांची बाराखडी पहिलीत झालेली असते. ‘‘मुलं पटकन शिकतात हो,’’ हे वाक्य इथे वापरावे. ते नेहमी अशी माणसे म्हणतात, ज्यांना रोज संध्याकाळी मुलाचा गृहपाठ घ्यावा लागत नाही.

सौभाग्यवतींविषयी काही लिहिण्याची तशी गरज नव्हती. त्या जळगावात शिक्षिका होत्या, शिक्षक पात्रता परीक्षा त्यांनी धाकटा पोटात असताना उत्तीर्ण केली होती, आणि महाराष्ट्राची ती परीक्षा कर्नाटकात चालत नाही. आपण मोठ्या मनाने ‘‘आता तुला आराम’’ असे म्हणावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे.

पुढचा विषय मोटारसायकलचा, आणि तिथे मात्र आपण मनापासून लक्ष घालता. रेल्वेच्या पार्सल कचेरीत ती पेट्रोल काढून, गोणपाट शिवून द्यायची असते. टाकी रिकामी करायला आपण विसरता, ते तिथेच काढावे लागते, आणि गाडी दुसऱ्याच गाडीने येते. एमएच-१९ ची पाटी पाहून वाहतूक पोलीस हात दाखवतो तेव्हा खान्देशाचा अभिमान दाटून येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, त्याआधी कर्ज दिलेल्या बँकेचे पत्र हवे, मग कर्नाटकाचा आजीवन कर भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मिळवायला पुन्हा जुन्या आरटीओत अर्ज करायचा. हे सर्व निघण्यापूर्वी एका फेरीत सुरू करता आले असते. निघण्यापूर्वी आपण निरोपसमारंभात होता.

तात्पर्य काढत बसण्यापेक्षा श्रावणाकडे लक्ष द्यावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते, भाऊबंद जमतात, तिच्या रोटाच्या प्रसादाला घरचे माणूस गेलेच पाहिजे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे ज्येष्ठातच विचार करायला हवा होता. प्रतीक्षा यादीतले तिकीट काढावे. साहेबांना कानबाई समजावून सांगण्यापेक्षा आपण रजा न घेतलेलीच बरी. सौभाग्यवतींना दोन्ही मुलांसह पाठवावे. जाताना हाती यादी द्यावी: जिल्हा परिषदेतली प्रतिस्वाक्षरी, बँकेचे पत्र, आरटीओतले ना-हरकत, काकूंकडचे सिलिंडर परत घेऊन गॅस एजन्सीची पावती, नानांची समजूत, आणि सासूबाईंना खापराविषयी काय सांगायचे ते. परत येताना कूलरचे लोखंडी स्टँड आणायला सांगावे. ते जळगावातच राहिले आहे.