पंधरा वर्षांचं पोर आणि स्पेन: आधी घड्याळ जुळवा

मे महिन्याच्या सुट्टीसाठी स्पेनची एक यादी व्हॉट्सॲपवर कायम फिरत असते. दहा दिवस, सात शहरं: बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानाडा. वाचायला झकास. पण घरात तेरा ते सतरा वयाचं, अंगात रग असलेलं पोर असेल तर ही यादी सरळ फाडून टाका. तिसऱ्या कॅथीड्रलपाशी ते बाहेरच्या पायरीवर मोबाइल काढून बसणार, बाबा तिकिटाचे पैसे मोजून दाखवणार, आणि आई दोघांच्या मध्ये. यात पोराचा दोष कमी आणि आखणीचा जास्त.

स्पेन हा खरं तर या वयाच्या मुलांसाठीच बनलेला देश आहे, कारण त्याचं घड्याळ. नकाशात स्पेन ब्रिटन-पोर्तुगालच्या उभ्या रेषेत येतो, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली, ती तशीच राहिली. त्यामुळे मेअखेर माद्रिदमध्ये सूर्य मावळतो तो साडेनऊच्या सुमारास. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मध्ये चार ते आठ बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं बंदच असतात. नऊला उठणारं आणि रात्री अकराला ताजंतवानं होणारं पोर इथे बरोबर बसतं. अडचण होते ती सहाला उठून आंघोळ करून तयार बसलेल्या, संध्याकाळी सात वाजता पोटात कावळे ओरडणाऱ्या आपल्या पिढीची.

तेव्हा दिवसाची घडी अशी ठेवा: सकाळी दहा-अकराला एकच गोष्ट बघायची, दोनला निवांत जेवण, मग खोलीवर लोळणं, आणि सहा ते साडेनऊ अंग हलवणारं काहीतरी. रोज एक बघायचं, एक करायचं. तिसरं घुसवलंत की घरातली शांतता गेली.

शहरं चार पुरेत. बार्सिलोनात चार रात्री, माद्रिदला तीन, ग्रानाडाला दोन, मालागाला तीन. बारा रात्री झाल्या. विमानाचं तिकीट बार्सिलोनाला उतरून मालागाहून परतीचं बघा. ते फार महाग पडलं तर मालागाहून वेगवान रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास माद्रिद गाठता येतं. सेव्हिल का नाही, असं विचारणारे भेटतीलच. सेव्हिल सुंदर आहे, वाद नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा अनेकदा चाळिशीच्या वर जातो आणि मालागाला समुद्र आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जात असाल तर जरूर अदलाबदल करा.

आता बुकिंगचा क्रम. बहुतेक जण आधी हॉटेलं घेतात आणि प्रेक्षणीय स्थळं 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतात. इथे उलटं करायचं. तीन गोष्टींना वेळेचं बंधन आहे आणि तिन्हींची तिकिटं संपतात: अल्हाम्ब्रा (ग्रानाडाचा किल्ला आणि राजवाडे), कामिनितो देल रे (मालागाजवळची कड्यावरची वाट) आणि सग्रादा फमिलिया (बार्सिलोनाचं प्रसिद्ध चर्च). या तिघांच्या तारखा मिळाल्या की शहरांचा क्रम ठरतो, मग रेल्वे आणि शेवटी हॉटेल. हॉटेल मात्र फुकट रद्द करता येईल असंच घ्या, कारण व्हिसा हातात यायचा असतो.

कामिनितोबद्दल जरा सविस्तर, कारण अख्ख्या सहलीत पोराच्या लक्षात राहील ती हीच जागा. मालागाच्या उत्तरेला एल चोरोच्या घळीत, कड्याला चिकटवलेली ही फळ्यांची वाट. १९०१ ते १९०५ या काळात जलविद्युत केंद्रातल्या कामगारांसाठी बांधली, १९२१ साली राजा तेरावा अल्फान्सो इथे आला म्हणून 'राजाची वाट'. पुढे ती पडझडीला आली, माणसं दगावली, आणि २०१५ मध्ये नव्याने बांधून खुली झाली. एकूण चाल साधारण पावणेआठ किलोमीटर, त्यातल्या जेमतेम तीन किलोमीटर फळ्या, खाली शंभरेक मीटरवर पाणी. वय किमान आठ. हेल्मेट तिथेच देतात. सह्याद्रीत भटकलेल्या पोरांना दम लागणार नाही. कठडा आहे, वाट सपाट किंवा उताराची आहे. पोटात गोळा येतो तो फळ्यांच्या फटीतून खाली बघितल्यावर.

चूक होते ती वेळेत. वाट एकाच दिशेने चालायची, उत्तरेकडून दक्षिणेकडे. रेल्वे मात्र तुम्हाला एल चोरोला, म्हणजे दक्षिण टोकाला, सोडते. तिथून शटल बसने उत्तरेला जायचं, बस सोडते मुख्य रस्त्यावर, आणि प्रवेशाची टपरी तिथून अजून पुढे आहे. लहान बोगद्यातून गेलात तर दीड किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. दुसरी वाट २.७ किलोमीटरची. तिकिटावरची वेळ त्या टपरीची असते, बसथांब्याची नव्हे. म्हणून एल चोरोला किमान दीड तास आधी पोचा. फळ्यांच्या वाटेवर स्वच्छतागृह नाही, सुरुवातीलाच उरकून घ्या. स्लिपर चालत नाहीत, सेल्फी स्टिक आणि छत्री चालत नाही. सोमवारी बंद. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तरी बंद ठेवतात, म्हणून मालागाच्या तीन रात्रींतली पहिली सकाळ घ्या, शेवटची घेऊ नका. पोराचा मूळ पासपोर्ट बरोबर हवा, वय दाखवावं लागतं.

अल्हाम्ब्रातही घोळ तिकिटाचाच. एक तिकीट सगळ्याचं, ज्यात नासरी राजवाडे येतात. दुसरं स्वस्त, फक्त बागा, हेनेरालिफे (सुलतानांचा बागेतला महाल) आणि किल्ल्याचं. घाईत दुसरं घेतलं जातं आणि ज्यासाठी एवढं लांब आलो ते कोरीव छत बाहेरूनही दिसत नाही. सगळ्याचं म्हणजे 'अल्हाम्ब्रा हेनेराल' बघून घ्या. त्यावर नासरी राजवाड्यांची ठरलेली वेळ असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, कितीही विनवा. तिकीट नावानिशी असतं, दाराशी पासपोर्ट तपासतात. आणखी एक: मुख्य तिकीटघर हेनेरालिफेच्या बाजूला आहे, तिथून राजवाडे चांगले पंधरा-वीस मिनिटं चालत. तिकीट फोनमध्ये असेल तर तिकीटघराकडे वळायचं कारणच नाही, न्यायद्वारातून, म्हणजे पुएर्ता दे ला हुस्तिसियातून, थेट वर या. शहराच्या मध्यातून सी३० ही छोटी बसही चढून येते. संध्याकाळी अल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून सान निकोलासच्या सज्जावर, म्हणजे देखावा बघायच्या चौकात, चढत जा. तो चढ पोराला पळत चढू द्या, तुम्ही मागून या.

बार्सिलोनात सग्रादा फमिलियाची वेळ संध्याकाळी पाचच्या आसपासची घ्या. पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी उजेड आत पडतो तेव्हा. सकाळी पूर्वेकडून निळा-हिरवा असतो, तोही सुंदर, पण संध्याकाळचा रंग मोबाइलमधून डोकं वर काढायला लावतो. १८८२ साली काम सुरू झालं, पुढच्या वर्षी वास्तुकार गौदीने हाती घेतलं, १९२६ मध्ये तो गेला. मनोऱ्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वर लिफ्टने जायचं आणि खाली उतरायचं ते अरुंद चक्री जिन्याने, शंखाच्या पोटात उतरल्यासारखं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. पण सोळाखालच्या मुलांना एकटं सोडत नाहीत, त्यामुळे एक मोठं माणूस जिना उतरणारच आहे, कोण ते घरीच ठरवा.

शहराचं 'करायचं' मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकातून एफजीसी या उपनगरी रेल्वेच्या गाडीने पेउ देल फुनिकुलारला उतरायचं, तिथून वायविद्रेराची फ्युनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी दोराची गाडी. मधल्या 'कारेतेरा दे लेस आइग्वेस' स्थानकावर ती आपोआप थांबत नाही, डब्यातलं बटण दाबावं लागतं. उतरलात की डोंगराच्या कुशीतून जाणारी जवळजवळ सपाट कच्ची वाट, खाली अख्खं बार्सिलोना आणि पलीकडे समुद्र. पळा, चाला, काहीही करा. शहरातल्या मेट्रोच्याच पासात होतं. टी-कॅज्युअल हा दहा फेऱ्यांचा पास मात्र एका माणसाचा. चौघांत फिरवायचा असेल तर टी-फॅमिलियार. स्केटबोर्डवालं पोर असेल तर समकालीन कलेच्या 'माकबा' संग्रहालयासमोरचा चौक चुकवू नका. संग्रहालय चुकलं तरी चालेल.

बार्सिलोनाजवळच्या मोन्सेरात या मठाच्या डोंगरावर जाणार असाल तर तिकीट काढताना नीट बघा. एकाच गाडीने दोन स्थानकं लागतात: आधी आएरी, तिथून रोपवे, नंतर मोनिस्त्रोल, तिथून दातेरी रेल्वे. एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही, आणि 'सगळे उतरले म्हणून आपणही' करणारे रोज फसतात. मठापासून सान्त जेरोनीचं शिखर १,२३६ मीटर उंचीचं, दोन-अडीच तासांची चढण. पाणी मठापाशीच भरून घ्या.

माद्रिदचं थोडक्यात. प्रादो आणि रेना सोफिया ही दोन्ही कलासंग्रहालयं अठराखालच्यांना फुकट. दोन्ही एका दिवशी करू नका. एकच निवडायचं तर पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र, म्हणजे रेना सोफिया. मंगळवारी बंद असतं. फुटबॉलचं वेड असेल तर एक सावधगिरी: ला लिगा या स्पॅनिश फुटबॉल लीगच्या वेळापत्रकात आधी फक्त शुक्रवार ते सोमवार एवढाच पट्टा कळतो, नेमका वार आणि वेळ सामन्याच्या काही आठवडे आधी ठरते. म्हणून त्या दिवसांत जमतील तितक्या रात्री त्याच शहरात मुक्काम ठेवा. ज्यांचं पोर चालणारं आहे त्यांनी उपनगरी गाडीने सेर्सेदियाला जावं, पाइनच्या जंगलातल्या वाटा थेट गावातून सुरू होतात.

ई-स्कूटरचा हट्ट होणारच. बार्सिलोनात सोळाखाली परवानगी नाही आणि हेल्मेट सक्तीचं आहे. माद्रिदने भाड्याच्या स्कूटरच २०२४ मध्ये बंद केल्या. सायकल घ्या. सोळाखालच्यांना सायकलवरही हेल्मेट लागतं, भाड्याने घेताना मागून घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी: 'मांस नको' म्हटलं तरी बशीत हॅम किंवा टूना येतो, कारण तिथे 'कार्ने' म्हणजे मांसाचा तुकडा, हॅम वेगळा आणि मासा तर आणखीच वेगळा. म्हणून 'सिन' (म्हणजे 'शिवाय') लावून चारही म्हणायचं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतुन. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार दाट सूप निर्धास्त मागवाल, पण वरून अंडं आणि हॅम भुरभुरलेलं असतं. एन्सालादा मिक्स्ता या सॅलडवर बहुधा टूना. तोर्तिया म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकन पोळी नव्हे. पान कोन तोमाते (टोमॅटो चोळलेला पाव), पातातास ब्राव्हास (तिखट सॉसमधले बटाटे), मिरच्यांचे पिमियेन्तोस दे पाद्रोन, आंदालुसियातली मध किंवा उसाची काकवी घातलेली वांगी, आणि पालक-छोल्यांच्या सख्ख्या चुलतभावासारखी एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, यांवर दिवस निघतात. ग्रानाडात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो, लिंबूसोड्यावरही बहुतेक ठिकाणी मिळतो. वाढत्या वयाच्या पोराला याहून चांगली बातमी नाही. रविवारी सुपरमार्केट बऱ्याच ठिकाणी बंद, तेव्हा शनिवारी रात्री दूध-फळं आणून ठेवा.

कागदपत्रांत एकच मुद्दा निसटतो: बारा पूर्ण झालेल्या मुलाला व्हिसाची पूर्ण फी, म्हणजे ९० युरो, लागते आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर यावं लागतं. शाळेचा पेपर त्या दिवशी आहे का, आधी बघा. अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, एप्रिलची वाट बघू नका. तिथे कार्ड वापरताना मशीनवर 'रुपये की युरो' असं विचारलं तर युरोच दाबा, रुपयांचा दर दुकानदाराच्या बँकेच्या मर्जीचा असतो.

वेगवान गाड्यांना सामान स्कॅन होतं आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद करतात. तिथे तुमच्या पोराच्या घड्याळाला कोणी विचारत नाही. बार्सिलोना-माद्रिदचं तिकीट अकरानंतरचंच काढा.