क्लच प्लेट गेली म्हणे! बघितली कुणी?

तीन गॅरेज फिरलो. तिन्हीकडे बॉनेटला हात लावायच्या आधीच निकाल तयार. "क्लच प्लेट गेली साहेब. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सेट आणि मजुरी धरून १८,००० पर्यंत जाईल."

अहो, गाडीला होतंय काय ते तरी आधी विचारा! पेडल खाली टेकतंय आणि गिअर पडत नाही. रिव्हर्स टाकायला गेलं की करकरतो. पेडल पूर्ण दाबून पहिला टाकला तरी गाडी पुढे सरकते. म्हणजे क्लच सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, झिजली की क्लच धरत नाही. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढाला ओढत नाही, जळका वास सुटतो. सुटत नाही आणि धरत नाही, हे दोन पूर्ण उलटे आजार आहेत. ज्याचं पोट याच कामावर चालतं त्याला एवढं कळत नसेल तर त्याने माझा गिअरबॉक्स कशाला उतरवायचा? आणि कळत असूनही १८,००० सांगत असेल, तर ती सरळ लुबाडणूक आहे.

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात आमची गाडी अडकली होती. शेजारी आई, मागे मुलगी, पुढे मागे ट्रक, आणि पेडल खाली गेलं ते वर येईना. पेडलखाली चवडा घालून ते वर ओढलं, सहा-सात वेळा पंप केलं, तेव्हा कुठे पहिला पडला. घरी पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. हे सगळं मी तिन्ही ठिकाणी सांगितलं. पंप केल्यावर गिअर पडतो म्हणजे हायड्रॉलिकमध्ये, पेडलचा दाब ऑईलने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत, एअर आहे, नाहीतर पेडलला जोडलेल्या, ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील प्रेशर धरत नाही. पंप मारून झिजलेली प्लेट जाड होते का? एकानेही ऐकून घेतलं नाही.

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? त्याआधी दोनदा सर्व्हिसिंग करणाऱ्यांनी ब्रेक ऑईल कमी दिसलं म्हणून वरून ओतून दिलं होतं. बिलात लिहिलंही होतं. बंद सिस्टिम आहे ती. ब्रेक पॅड झिजतात तशी लेव्हल थोडी उतरते, कबूल. पण सहा महिन्यांत दोनदा ओतावं लागलं तर ते ऑईल गेलं कुठे, हा प्रश्न कुणालाच पडू नये? माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून पितात. क्लचची नळी डबीला वरच्या बाजूला असते, म्हणून गळती झाली की आधी क्लच मरतो आणि ब्रेकला ऑईल शिल्लक राहतं. गाडी बनवणाऱ्याने एवढा विचार केला आणि यांनी बाटली उपडी करून विषय संपवला.

शेवटी रविवारी सकाळी टॉर्च घेऊन मीच पेडलखाली डोकं घातलं. मास्टर सिलिंडरचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं रबर ओलं. खाली ओघळ, पेडलच्या दांडीचा रंग फुगून निघालेला, कार्पेटची खालची बाजू चिकट. निदानाला दोन मिनिटं लागली. बाहेर गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो, ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा; त्याचंही रबर उचलून पाहिलं, कोरडं ठणठणीत.

मग दुकान. सीलचं किट मागितलं तर म्हणे सुटं येत नाही, पूर्ण सिलिंडरच घ्या. २० रुपयांचं रबर खराब झालं म्हणून १,९०० मोजले. वर दुकानदाराने डॉट ४ ची, म्हणजे त्याच ब्रेक ऑईलची, अर्धी वापरलेली, झाकण सैल असलेली बाटली पुढे केली, "हीच न्या, स्वस्तात देतो." पावसाळ्याचे दिवस! हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आणि तेच ऑईल माझ्या ब्रेकमध्येही जाणार. सीलबंद बाटली घेतली. काही ठिकाणी तर इंजिन ऑईल ओततात; त्याने सगळी रबरं फुगतात, क्लचबरोबर ब्रेकही जातात. हा माणसं मारायचा धंदा आहे.

बदलताना पाठ मोडली, खोटं नाही बोलणार. दांड्याची क्लिप अशा कोपऱ्यात दिली आहे की बोटं सोलून निघाली. पाइप सुटताना ऑईल बॉडीवर सांडलं तर रंग जातो, म्हणून खाली चिंध्या पसरल्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. स्लेव्हचं हवा काढायचं निपल गंजलेलं होतं, त्यामुळे रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवलं आणि साधा पाना न लावता रिंग पाना लावला. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं. मुलगी पेडलवर.

"बाबा, आता दाबू?"

दाब. धर. मी निपल उघडलं, बुडबुडे आले, निपल बंद केलं. आता सोड. तिचा पाय सुटायच्या आधी निपल बंद झालंच पाहिजे, नाहीतर हवा परत आत. पंचवीस-तीस वेळा हेच, मधे मधे डबी भरत. आधी काळं ऑईल आलं, मग फेस, मग स्वच्छ धार. पेडल घट्ट झालं. रिव्हर्स लोण्यासारखा पडला.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगसोबतच असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि उतरवलाच आहे तर प्लेटही बदलावी, हे मला मान्य आहे. पण आधी बघा तरी!

तिसऱ्या गॅरेजवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "दोन महिन्यांत प्लेट जाईलच." त्याच्या मागे कोपऱ्यात काढलेल्या जुन्या प्लेटांचा ढीग होता. त्यातली वरचीच एक उचलून पाहिली. रिव्हेटच्या वर घासून झिजणारं लायनिंग चांगलं जाड शिल्लक होतं.