अनुदान मार्चअखेर, भूक रोजची

दरवर्षी तेच! मुलं आमच्या बालगृहात रोज दोन वेळा जेवतात आणि सरकारी अनुदान हलतं ते मार्च संपत आल्यावर, तेही कपात करून. तोवर वाण्याच्या वहीत आमचं पान भरून दुसरं सुरू झालेलं असतं. बिचारा तरीही तूरडाळ देतो, पण त्याने तरी किती थांबायचं? पैसे आले की लगेच फर्मान: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्चल्याचा दाखला, द्या. एक सही राहिली की फाइल परत!

वर सल्ला काय, तर सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीकडे, जा. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातून खर्चायला लावलेले ते 2 टक्के! कंपन्यांना पाटी लावता येईल अशी खोली बांधायची असते. रात्री तापलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्या ताईंच्या पगाराचं नाव काढलं की विषय बदलतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. अहो, कागद तुम्हीच वाढवता, मग ते लिहिणाऱ्याला पगार कुठून द्यायचा?

निम्मं अनुदान एप्रिलमध्ये आगाऊ द्या. उरलेल्याचा पैन् पै हिशेब घ्या, आमची कधीच ना नव्हती.