नाविक आलं म्हणून जीपीएस काढून टाकायचं नसतंय

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आपलं नाविक (जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा) आलंय, आता जीपीएस बंद करा, अमेरिका त्यातनं मुद्दाम चुकीचे रस्ते दाखवते, सरकार उपग्रहातनं प्रत्येक गाडी बघतंय, आणि रिक्षापासनं विमानापर्यंत सगळ्यांना नाविक एकटं पुरतंय. भावांनो, फॉरवर्ड करायच्या आधी जरा थांबा.

अमेरिकावाले जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायचे हे खरंय, पण ते मे २००० मध्ये बंद झालं. उपग्रह रस्ता दाखवतच नाही, तो फक्त वेळ आणि आपण स्वतः कुठं आहोत ते पाठवतो, त्यावरनं मोबाइल जागा काढतो आणि नकाशा तिसऱ्याच कुणाचा असतो. पंचगंगेला पाणी आल्यावर नकाशा बंधाऱ्यावरनं जा म्हणत असेल तर त्यात उपग्रहाचा काय दोष? महाद्वार रोडच्या बोळात निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, कारण सिग्नल इमारतीवर आपटून येतो, आणि सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढा उशीर झाला तरी तीन मीटरचा फरक पडतो.

पाळत म्हणाल तर मोबाइलमधला सिग्नल घेणारा रिसीव्हर नुसता ऐकतो, वर काहीच पाठवत नाही. बस-टॅक्सीतलं ट्रॅकिंगचं यंत्र जागा कळवतं ते त्याच्यातल्या सिमकार्डावरनं.

आता जीपीएस बंद करायचं. का बरं? नाविकची मूळ रचना सात उपग्रहांची, त्यातल्या पहिल्याची वेळ राखणारी तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, जानेवारी २०२५ ला सोडलेला नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. साध्या मोबाइलच्या चिपला जमणारा एल-१ सिग्नल तर मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ पासनं सुरू झाला. पण म्हणून नाविक बिनकामाचं नाही हां. त्याचे उपग्रह आपल्या आभाळात बऱ्यापैकी उंचावर असतात, त्यामुळं गगनबावड्याच्या घाटात डोंगर आडवा आला तरी एखादा दिसतोच, आणि मोबाइल सगळ्या देशांचे सिग्नल एकत्र करून घेतो, त्यात आपलीपण भर पडली की फायदाच की.

आणि सगळ्यांना एकच? रिक्षावाल्याला पाच मीटर चुकलं तर तो पुढनं वळून येईल. रेल्वेत तेवढ्यात शेजारचा रूळ येतो, म्हणून गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या कवच यंत्रणेला रुळांवर बसवलेले आरएफआयडी टॅग (गाडीला जागा सांगणाऱ्या खुणेच्या चिपा) लागतात. विमानाचं गणित त्याहून वेगळं, तिथं नुसती अचूकता उपयोगाची नाही, सिग्नल बिघडला तर पायलटला लगेच कळायला पाहिजे. २०१५ मध्ये ज्या दर्जाच्या उतरण्यासाठी आपल्या गगन या यंत्रणेला मान्यता मिळाली, त्यात ही सूचना १० सेकंदांच्या आत द्यावी लागते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचं हे गगन, जमिनीवरच्या केंद्रांतनं चूक मोजतं आणि जीसॅट उपग्रहांवरनं दुरुस्ती पाठवतं.

दुरुस्ती कशाची माहितीय? जीपीएसचीच.